पऱ्हाटी नव्हती, मोळ्या होत्या

भरतीची तयारी करणारी पोरं माझ्याकडं येतात, जिंतूर, सेलू, मानवतकडची. मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, तिथं किती जण पाडले?" मग मी त्यांना मलाकालचा एक दिवस सांगतो.

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये तिथं यादवी पेटली. जीव मुठीत धरून हजारो लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांवर आले. मलाकालला तळाला लागूनच त्यांची छावणी होती. धान्य मिळायचं, पण सरपणाला बाहेर जावं लागायचं. पुरुष गेला तर मारला जाईल म्हणून बाया जायच्या, आणि बायांवर काय बेतायचं ते लिहवत नाही. म्हणून त्यांच्यासोबत आमची गस्त.

त्या दिवशी परतताना पाऊस कोसळला. तिथली माती अगदी आपल्या परभणीसारखी काळी. गाडी आखापर्यंत रुतली. तेवढ्यात रस्त्यावर बंदुका घेतलेली पोरं उभी राहिली, अंगावर वर्दी नाही. दुभाष्यानं सांगितलं, "म्हणतात, तुम्ही जा, बाया इथंच राहतील."

कॅप्टन साहेबांनी बायांना दोन गाड्यांच्या मध्ये बसवलं, भोवती आम्ही. बायांना हात लावला तर गोळी चालवायची, हे स्पष्ट होतं. नागरिकांचं रक्षण हेच तर मिशनचं काम. पण त्याआधी चालवली असती, तर सरपणाची ती वाट कायमची बंद झाली असती. 9 एप्रिल 2013 ला गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला होऊन आपले 5 जवान गेले होते. ते कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाला आठवत होतं. साहेब मात्र शांतपणे बोलत राहिले. तुमचा म्होरक्या कोण, त्याला बोलवा, आम्ही थांबतो.

इकडं मी चाकाखाली चिखल उकरत होतो. गावाकडं ट्रॅक्टर रुतला की आम्ही पऱ्हाटी टाकतो. इथं काय टाकणार? एका म्हातारीनं ते ओळखलं. उठली आणि आपली मोळी चाकाखाली ढकलली. मग बाकीच्याही उठल्या. दिवसभराची मेहनत त्यांनी चिखलात घातली, एका शब्दानं कुरकुर नाही. गाडी निघाली, तोवर म्होरक्या आला होता. साहेबांशी बराच वेळ बोलला, आणि वाट सुटली.

छावणीत पोचलो तेव्हा बायांच्या हातात काडी नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायांना घेऊन पुन्हा गस्त काढली, त्याच वाटेनं. बंदूकवाली पोरं तिथंच होती. ती बाजूला सरली.

एवढं ऐकून एखादा पोरगा विचारतो, "मग सर, गोळी चाललीच नाही?"

नाही चालली. सगळ्या बाया घरी आल्या.