फळ्यासमोरची वीस मिनिटे

चौदा वर्षे कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे साखळीसारख्या एकापुढे एक जोडलेल्या नोंदींच्या यादीत, लूप आहे की नाही, म्हणजे साखळी फिरून आपल्याच मागच्या कडीला जोडली गेली आहे का, हे ओळखता येऊ नये, याचे मलाच नवल वाटले. एक पॉइंटर, म्हणजे नोंदीकडे बोट दाखवणारा दर्शक, एकेक घर पुढे न्यायचा, दुसरा दोन-दोन घरे. लूप असेल तर दोघांची गाठ पडतेच. ही युक्ती मला कॉलेजपासून पाठ आहे. पण गेल्या महिन्यातल्या मुलाखतीत समोरचे गृहस्थ हाताची घडी घालून माझ्या मार्करच्या टोकाकडे पाहत राहिले आणि मी एकच ओळ तिसऱ्यांदा पुसली. हिंजवडीहून परतताना वाकडच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा अख्खे उत्तर डोळ्यांपुढे उभे राहिले.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टसह केलेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात ४८ विद्यार्थ्यांपैकी काहींनी परीक्षकादेखत, बोलत बोलत फळ्यावर प्रश्न सोडवला, तर इतरांनी खोलीत एकट्याने. पाहणारा समोर असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. परीक्षकासमोर असलेल्या एकाही मुलीला उत्तर जमले नाही आणि एकट्या सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना जमले. संख्या लहान होती हे खरे, तरी वाचून मी बराच वेळ गप्प होतो.

कामावरचा ताण मला नवा नाही. रात्री अडीचला पेमेंट सर्व्हिस झोपल्याचा फोन येतो, तेव्हा हात थरथरतातच. पण मी लॉग, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदी, उघडतो, दुसऱ्या टीममधल्या मित्राला उठवतो, संध्याकाळचे रिलीज, म्हणजे नुकतेच चढवलेले बदल, मागे घेतो. विचारायची, शोधायची आणि दोनदा चुकायची मुभा तिथे असते. मुलाखतीत नेमकी तीच काढून घेतात.

आणि हे काढून घेणाऱ्यांत मीही होतो. अडखळणाऱ्या कित्येकांच्या नावापुढे मी ‘बेसिक कच्चे’ असा शेरा बिनदिक्कत मारला आहे. आता प्रश्न दिला की मी दहा मिनिटे चहाला बाहेर जातो. परवा परत आलो, तेव्हा उमेदवार मुलीने उत्तर लिहून ठेवले होतेच, शिवाय यादी रिकामी असल्यास काय करायचे हे माझ्या प्रश्नात सांगितलेले नाही, असेही कोपऱ्यात टिपले होते.