काटा कसा चढतो, ते बघायचं

रविवार, सकाळ

वाघबीळ मागे टाकून पन्हाळ्याचा चढ लागला की गाडी दम सोडते. आयडलिंगला एका ठरावीक लयीत थरथरते, आणि सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. गाडी जुनी, तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची, कार्बोरेटरवाली, त्यावर एलपीजी किट. एवढं वर्णन ऐकलं की समोरचा बॉनेट उघडायच्या आधीच निकाल देतो: "रिंगा गेल्या, इंजिन काम काढा." असेलही तसं; रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या, हवा निसटू न देणाऱ्या कड्या. पण कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा, लावून बघायला तास-दीड तास लागतो. उगाच उतरवलेलं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, परत बसवायला दिवस जातो, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट नवं लागतं ते वेगळंच.

गेज आट्याचा, म्हणजे प्लगच्या भोकात फिरवून बसवायचा, घ्यावा. रबरी टोकाचा, दाबून धरायचा गेज स्वस्त मिळतो, पण हात जरा हलला की हवा निसटते आणि चांगला सिलिंडरही आजारी दिसतो. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांना १४ मिलिमीटरचा आटा चालतो. टोकाची रबरी रिंग चिरलेली नाही ना, ते आधी बघायचं.

इंजिन पेट्रोलवर गरम करायचं, बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, कडक तापलेल्या हेडातून प्लग काढला तर आटे ओढून येतात. प्लगच्या खड्ड्यातली माती सायकलच्या पंपाने उडवायची, नाहीतर ती थेट बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या नळीत, उतरते. वायरींवर खुणा करून तिन्ही प्लग काढायचे. एकच काढून मोजलं तर बाकीचे दोन सिलिंडर सेल्फला ओढून धरतात आणि इंजिन हळू फिरतं.

एलपीजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यात येणारी वायर काढून इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट बांधायची. लोंबती सोडली तर ठिणगी कुठेही उडते, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. इंजेक्शनवाली गाडी असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढायचे.

अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत दाबलेला हवा, चोक उघडा हवा. घरी केलेल्या मापात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटलेला असेल तर सिलिंडरला हवाच मिळत नाही, मग दाबणार काय? दुसरी चूक बॅटरीची. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ कण्हत फिरला की तिन्ही आकडे खाली येतात.

प्रत्येक सिलिंडरला सहा फुसके मोजायचे (पिस्टनने हवा एकदा दाबली की एक फुसका), कमी नाही, जास्त नाही. एकाने आत बसून किल्ली मारायची, दुसऱ्याने काटा बघायचा. शेवटच्या आकड्याबरोबर पहिल्या फुसक्याला काटा कुठे गेला तेही लिहायचं. ते कोणी लिहीत नाही आणि अर्धी माहिती तिथेच असते. रिंगा झिजल्या असतील तर काटा पहिल्यांदा थोडाच उठतो आणि मग पायरी-पायरीने वर जातो. व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, नीट बसत नसेल तर पहिल्यांदाही कमी, आणि पुढेही फारसा चढत नाही.

आजचे आकडे, पीएसआय या दाबाच्या मापात: पहिला १५८, दुसरा १५५, तिसरा ९६. तिसऱ्याचा काटा पहिल्या फुसक्याला ६० वर गेला आणि नंतर नुसता रेंगाळला.

१५८ कमी वाटला तरी घाबरायचं कारण नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी. रत्नागिरीत १७० दाखवणारं इंजिन इथे १६० च्या आसपासच दाखवणार. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलतो. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालतं. इथे तो जवळपास चाळीस टक्के आहे.

रविवार, दुपार

ओली चाचणी. प्लगच्या भोकातून एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर इंजिन ऑइल, मग पुन्हा सहा फुसके. ऑइल रिंगांभोवतीची फट भरतं. आकडा उसळला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

तिसरा ९६ वरून १०९ झाला. इथेच "बघा, चढला, रिंगाच" असं होतं. पण पिस्टन वर आल्यावर या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जागा उरते जेमतेम ३५ सीसी. त्यातली ५ सीसी ऑइलने खाल्ली की दाब आपोआपच वाढतो. म्हणून चांगल्या सिलिंडरलाही तेवढंच ऑइल पाजून बघायचं. पहिला १५८ वरून १८० झाला. वाढ दोन्हीकडे सारखीच, चौदा टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणजे रिंगा निर्दोष.

शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असते तर मधल्या गॅस्केटवर संशय जातो. तिन्ही सारखे पडले तर आधी बॅटरी आणि थ्रॉटल, मग टायमिंग बेल्ट दात सोडून बसलाय का, आणि त्यानंतर रिंगा. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाणी आत असतानाच ज्या गाड्यांना सेल्फ मारला गेला, त्यांचा एखादा रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी, वाकलेला असू शकतो. पाणी दबत नाही, मग रॉड दबतो. पिस्टन पूर्ण वर येत नाही, आकडा कमी येतो, पण हवा कुठूनच निसटत नाही. अशा वेळी बांबूची बारीक काडी प्लगच्या भोकातून टेकवायची, पिस्टन सर्वात वर असताना खूण करायची आणि तिन्ही सिलिंडरांची खोली ताडून बघायची. इथे तिन्ही खुणा एकाच जागी आल्या.

सोमवार, सकाळ

इंजिन रात्रभर थंड झालेलं. हेड उतरवण्याआधी टॅपेट बघायचे, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. गॅस कोरडा असतो, त्यावर धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती कडी, झिजत जाते. व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसतो, दांडी वर येते आणि टॅपेटची फट मिटते. इंजिन तापून दांडी लांबली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. गंमत म्हणजे असं इंजिन वाजत नाही, त्यामुळे शांत गाडी म्हणून कौतुक होतं.

क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवायचं. डिस्ट्रिब्युटरचा रोटर तिसऱ्याच्या वायरीकडे आला आणि पिस्टन वर आला की दोन्ही रॉकर हाताने किंचित हलायला हवेत. इनटेकचा हलला. एक्झॉस्टचा दगड. फिलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पातळ पट्टीसुद्धा आत शिरेना. नट सैल करून पुस्तकातल्या थंड मापाला फट लावली. पट्टी ओढताना थिजलेल्या तुपातल्या चमच्यासारखी अडखळली पाहिजे. नट आवळला की स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं.

गरम करून परत गेज: १५७, १५६, १४४. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत, मग पाना. जुन्या प्लगला जरासाच झटका, नव्याला अर्धा वळसा.

हजार किलोमीटर गॅसवर चालवून तिसऱ्याचा एक्झॉस्ट टॅपेट पुन्हा मोजायचा. फट परत मिटलेली सापडली तर मग हेड उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, न्यायचं, आणि तिथे नुसतं ग्राइंडिंग नव्हे, गॅसला टिकणाऱ्या कडक सीटा बसवून मागायच्या.