पिंग जातंय, पण फोल्डर उघडत नाही

जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं होतं. बायकोच्या विंडोज ११ लॅपटॉपवरचे फोटो त्यावर ठेवायचे, एवढंच काम. रविवारी पोहे खाता खाता बसलो. सांबा (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून देणारा प्रोग्राम) टाकलं, माझ्या होम फोल्डरमधलं 'फोटो' फोल्डर शेअर केलं. विंडोजच्या नेटवर्कमध्ये मात्र डेस्कटॉपचं नाव नाही.

शोधलं तर सगळीकडे एकच सल्ला: एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा. ते मी केलं नाही. मे २०१७ मध्ये फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय त्याच जुन्या दारातून शिरला होता. नुसतं नाव दिसावं म्हणून ते दार कोण उघडेल?

नाव सोडलं आणि थेट आयपी पत्ता टाकला. 'नेटवर्क पाथ सापडला नाही.' पिंग (डेस्कटॉप नेटवर्कवर आहे का, हे बघायची हाक) तर जात होतं! इथे तासभर गेला. मीच कधीतरी उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू केली होती. ती पिंग सोडते, पण सांबाचं ४४५ नंबरचं पोर्ट अडवते. सांबाला परवानगी दिली आणि पासवर्डची चौकट आली.

बायकोसाठी लिनक्सवर वेगळं खातं होतं. त्याचा पासवर्ड टाकला, नाही चालला. पुन्हा टाकला. सांबा पासवर्डची स्वतःची वेगळी वही ठेवतो, हे तेव्हा कळलं. 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या कमांडने तिचं नाव त्यात घातलं.

आता फोल्डर दिसलं, उघडेना. वैतागून 'फोटो'ला ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी (चूकच, पण दिलं). काही फरक नाही. अडचण एक पायरी वर होती. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० परवानगीने बनतं, म्हणजे दुसऱ्या खात्याला उंबरठाच ओलांडता येत नाही. आतली खोली सताड उघडी ठेवून काय उपयोग? फोल्डर होममधून काढून 'एसआरव्ही' या सिस्टीमच्या फोल्डरात नेलं, दोघांचा एक ग्रुप केला, ७७७ काढलं. सांबा शेअर मुळात फक्त वाचण्यापुरतं देतो, तेही बदललं. शेवटी 'डब्ल्यूएसडीडी' (विंडोजला डेस्कटॉपचं नाव कळवणारा प्रोग्राम) टाकल्यावर नेटवर्कमध्ये नावही आलं.

संध्याकाळपर्यंत फोटो गेले. मंगळवारी लाइट गेली, राउटरने डेस्कटॉपला नवा पत्ता दिला, आणि आयपीवर जोडलेला तिचा झेड ड्राइव्ह (म्हणजे विंडोजमध्ये ड्राइव्हसारखं दिसणारं हेच फोल्डर) गायब. मग राउटरमध्ये जाऊन तो पत्ता कायमचा राखून ठेवला.