रायफलची नोंद: आधी पाय, मग नेम

नेमबाजीत पोहोचायचंय .२२ च्या (काडतुसाच्या रायफलच्या) ५० मीटर थ्री पोझिशनपर्यंत, पण सुरुवात १० मीटर एअर रायफलने केली आहे. ४.५ मिमीच्या मॅच एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, .२२ ला लागतो. शिवाय ठाण्यात ऑफिस सुटल्यावर गाठता येईल अशी रेंज १० मीटरचीच. आणि यात वेळ वाया जातोय असं मला अजिबात वाटत नाही. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने असे २०-२० शॉट असतात. त्यातली सगळ्यात कठीण उभी पोझिशन इथे मनसोक्त घोटता येते.

सध्या सगळा भर पायांवर आहे. डावी कोपर कमरेच्या हाडावर टेकवायची, रायफलचं वजन हाडांवर सोडायचं, दंडाने उचलून धरायचं नाही. मग डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. टार्गेटचा काळा गोल फ्रंट साइटच्या (नळीच्या पुढच्या टोकावरच्या) रिंगमध्ये मधोमध दिसला तर ठीक. डावी-उजवीकडे सरकलेला दिसला की हात शिवशिवतात, रायफल ढकलून जागेवर आणावीशी वाटते. शिकवणाऱ्या सरांचं ठरलेलं वाक्य येतं, "हात नको, मागचा पाय सरकव." टाच जेमतेम बोटभर हलवली तरी गोल रिंगमध्ये येतो. ढकलून आणलेली रायफल ट्रिगर सुटताच मूळ जागी परतू पाहते आणि शॉट तिकडेच जातो. जागा सापडली की जमिनीवर चिकटपट्टीने पावलांची खूण करून ठेवतो.

फरक कागदावर दिसतोय. आधी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या शॉट्सचा पुंजका, आडवा पसरायचा, आता तो गोळा होतोय. उभा पसारा अजून आहे, तो श्वासाचा. त्यावर घरी भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे पेलेट (छर्रा) न भरता ट्रिगर दाबायचा सराव, चालू आहे. या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेटची कड टेकली तरी दहा मिळतात. गुण दशांशात मोजायला लागलं की १०.० आणि १०.९ मधलं अंतर किती मोठं आहे ते कळतं.

आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत याच १० मीटरमध्ये जगज्जेता झाला. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. माझ्या दोन्ही टप्प्यांवर आपलीच माणसं पुढे आहेत, याचा फार आधार वाटतो.

नव्यांसाठी एक गोष्ट: पावसाळ्यात नेमबाजीचं ताठ कॅनव्हासचं जॅकेट घामाने आणि दमट हवेने मऊ पडतं, बुरशीही धरते. घरी आल्या आल्या बॅगेतून काढून पंख्याखाली रुंद हँगरवर टाका. घडी घालून ठेवू नका, पाठीचा ताठपणा जातो.

आता पूर्ण मॅच: ६० शॉट, ७५ मिनिटं. चाळीस शॉटनंतर पाय थकायला लागतात, तिथे रायफल स्टँडवर ठेवून किती वेळ थांबायचं याचा हिशेब बसवतोय.