तुम्ही विचारलंत म्हणून : कथेत दुष्काळ कुठं बसतो?

"सर, कथेचे घटक किती?" हे मला दोन तऱ्हेची माणसं विचारतात. एक बारावीची पोरं, कारण त्यांना मराठीत कथा हा साहित्यप्रकार अभ्यासाला आहे. दुसरी, नव्यानं लिहायला लागलेली मंडळी. ती कथा पाठवतात आणि खाली लिहितात, "सगळे घटक आलेत का तेवढं बघा." पोरांचं सोपं आहे. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, निवेदन, भाषा. लिहा आणि मार्क घ्या. दुसऱ्यांना मात्र बसवून सांगावं लागतं, कारण त्यांच्या कागदावर घटक सगळे हजर असतात आणि कथाच आलेली नसते.

आपल्या मराठवाड्यात तर याचा साचाच ठरून गेलाय. आधी भेगाळलेली जमीन, मग आटलेली विहीर, मग आभाळाकडं डोळे लावून बसलेला म्हातारा. शेवटी एक तर गळफास, नाहीतर धो-धो पाऊस. यात संघर्ष कुठाय म्हणून विचारलं की उत्तर तयार असतं, "दुष्काळाशी." अहो, दुष्काळाशी भांडता येत नाही. तो उलटून बोलत नाही, चिडत नाही, मनात अढी धरत नाही. तो वातावरणात मोडतो. संघर्षाला समोर दुसरं माणूस लागतं, नाहीतर त्याच माणसाचं दुसरं मन.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला साधारण 5 लाख लिटर. त्या गाडीवरच्या कथा माझ्याकडंही आल्या. गाडी सगळ्यांत होती, वाघिणींसकट. पण पाण्यासाठी कुणी कुणाच्या दारात गेलंय, असं एकीतही नव्हतं. कथेला 5 लाख लिटर लागत नाहीत, दोन घागरी पुरतात.

समजा, परभणी जिल्ह्यातलं टँकरचं एक गाव. पोराला स्थळ आलंय आणि मुलीकडचे उद्या घर बघायला येणार आहेत. टँकरच्या गावात पोरगी द्यायला लोक कचरतात, म्हणून पोराच्या आईला रांजण भरलेला दिसायला हवा. पाणी आहे ते थोरल्या जावेकडं. आणि तिच्याशी वर्षभर बोलणं बंद. थोरली ओसरीवर गहू निवडत बसलीय. धाकटी पदराआड कळशी धरून उभी.

"कामून आलीस?"

"पाव्हणे यायलेत उद्या. घर बघायला."

"मग?"

"तुमचा हौद भरलाय म्हणं, बाई."

थोरली सुपातला खडा बाजूला टाकते. "बांधावरची बाभळ कुणाची म्हणाली होतीस तू त्या दिशी?"

या बोलण्यात पाणी हा शब्दच नाही. तरी गावात पाणी नाही हे कळलं, वाटणीत काहीतरी बिनसलंय हे कळलं, थोरली कशी आहे आणि धाकटी किती अडलीय तेही कळलं. आता यातलं वातावरण कुठलं आणि पात्रचित्रण कुठलं, ते वेगळं काढून दाखवा बरं. परीक्षेपुरतं निघेल. लिहिताना मात्र ते एकाच वाक्यातून येतं, आणि भेगाळलेल्या जमिनीचा परिच्छेद आपोआप फालतू ठरतो.

कथानकाबद्दल थोडक्यात. पाठ्यपुस्तकांतून डोंगरासारखी आकृती काढतात ना, चढ, शिखर, उतार, तिचं मूळ गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या 1863 मधल्या विवेचनात आहे. ते होतं पाच अंकी नाटकाबद्दल. छोट्या कथेला एवढा डोंगर पेलत नाही. तिच्या उपयोगाचं बोलून ठेवलंय ते एडगर अॅलन पो या अमेरिकन कथाकारानं, 1842 मध्ये. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकसंध असावा, हा त्याचा आग्रह. म्हणून आपली ही कथा पोराच्या जन्मापासून किंवा जमिनीच्या वाटणीपासून सुरू होत नाही. पाव्हणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी सुरू होते. मागचं सगळं त्या एका बाभळीत येतं.

खरा पेच निवेदनाचा, आणि नेमका तोच घटक लोक सगळ्यात हलका धरतात. हीच गोष्ट पोरानं सांगितली तर आईच्या अपमानाची होईल, आणि तो स्वतःला फार चांगला दाखवील. थोरलीनं सांगितली तर झकास विनोदी होईल. ती पाणी देईल, पण बाभळीवरचा हक्क शेवटपर्यंत सोडणार नाही. मला विचाराल तर मी मुलीच्या बापाला सांगायला लावीन. तो अंगणात येतो. रांजण काठोकाठ भरलाय. खालची माती मात्र ओली, आणि सांडलेल्या पाण्याची रेघ शेजारच्या दारापर्यंत गेलेली. त्याला सगळं कळतं, कारण तोही टँकरच्याच गावचा आहे. येताना त्यानंही व्याह्यांसमोर लाज राहावी म्हणून शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणलीय. आता तो काय करील? चहा घेईल, की "आधी पाणी द्या" म्हणून दुसरा तांब्या मागेल? कथा या तांब्यापाशी ठरते. लग्न जमलं की मोडलं हे सांगितलं नाही तरी चालेल. पाऊस मात्र पाडायचा नाही.

राहिली भाषा. संवाद बोलीत आणि निवेदन शुद्ध, अशी आपल्याकडं बऱ्याच जणांची वाटणी असते. बाहेरचा तटस्थ निवेदक असेल तर ती शोभते. पण मुलीचा बाप "मी" म्हणून बोलत असेल, तर त्यानं पुस्तकी मराठीत का बोलावं? त्याच्या तोंडी "यायलेत" नि "कामून"च राहू द्या. आणि कृपा करून कथेच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ देऊ नका. थोरलीचा आवाज चढलाय हे ज्याला ऐकू आलं, त्याला "कामून"चा अर्थ लागतो, मग तो पुण्याचा असो की पणजीचा.