एक फूट दहा इंच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण हाती पडले तेव्हा स्नेहसंमेलने किंवा दहावीचा निकाल यांपैकी काहीच डोळ्यांसमोर आले नाही. आठवली ती खेळाच्या खोलीतून मागून आणलेली मेजपट्टी, आणि तिचे टोक धरून फाटकाबाहेर उकिडवे बसलेले आमचे नागरिकशास्त्राचे सर.

२००१ चा पावसाळा होता. महापालिकेच्या धड्यातली महापौरांची कामे पाठ करून घेण्याऐवजी सरांनी आम्हा दहावी ‘ब’च्या मुलामुलींना बाहेर नेऊन शाळेसमोरचा पदपथ मोजायला लावला. तो साडेचार फूट भरला. मग त्यावर उभ्या केलेल्या स्कूटरी वगळून पुन्हा मोजायला लावला, तेव्हा उरले एक फूट दहा इंच. वर्गात परतल्यावर त्यांनी फळ्यावर तो आकडा लिहिला आणि त्याच्याखाली एकच शब्द लिहिला : बोगोटा.

एन्रिके पेन्यालोसा हे नाव मी त्या तासाला प्रथम ऐकले. कोलंबियाच्या राजधानीचे हे महापौर मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून १९७७ मध्ये त्यांनी अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांत पदवी घेतली होती. १९९४ ची महापौरपदाची निवडणूक ते आंतानास मोकुस यांच्याकडून हरले, १९९७ ची जिंकले, आणि १९९८ ते २००० अशी जेमतेम तीन वर्षे त्यांच्या वाट्याला आली, कारण तिथे लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. सर म्हणत की, अर्थशास्त्र म्हणजे टंचाई असलेली वस्तू कोणाला किती द्यायची याचा हिशोब, आणि शहरात सर्वांत मोठी टंचाई रस्त्याची असते. ऐंशी माणसांच्या बसला एकट्या माणसाच्या मोटारीपेक्षा ऐंशी पट जागेचा हक्क आहे, हा पेन्यालोसांचा हिशोब सरांनी आमच्याकडून वहीत गुणाकार मांडून करून घेतला.

हा हिशोब कागदावर राहिला नाही, याचेच मला आजही अप्रूप वाटते. जपानी सहकार्य संस्थेने सुचवलेले उन्नत महामार्ग त्यांनी बाजूला ठेवले, पदपथांवरच्या मोटारी खांब रोवून हटवल्या, अडीचशे किलोमीटरहून अधिक सायकलमार्ग आखले, आणि डिसेंबर २००० मध्ये, पद सोडण्याच्या अगदी तोंडावर, ट्रान्समिलेनिओच्या लाल बस स्वतंत्र मार्गिकेवरून धावू लागल्या. पदपथ मोकळे केले म्हणून चिडलेल्या लोकांनी त्यांना पदावरून परत बोलावण्यासाठी सह्यांची मोहीमही काढली होती, ती फसली. पुढे २००७ आणि २०११ मध्ये महापौरपदाच्या आणि २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरूनही हा माणूस २०१६ मध्ये पुन्हा महापौरांच्या खुर्चीत बसला. आज त्या बसमध्ये गर्दीच्या वेळी पाय ठेवायला जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ज्या शहरात बसमधल्या माणसाला कोणी विचारतच नव्हते, तिथे तो आता तक्रार करू शकतो, हे मला मोठे वाटते.

मी वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात आले ते त्या एका तासामुळेच. २००६ मध्ये पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर जलद बससेवा सुरू झाली, त्या दिवशी मी सरांना घेऊन मुद्दाम त्या बसने गेले होते. पुढे कामानिमित्त बोगोटाला जाण्याचा योग आला. कचरा हाताळणीच्या जुन्या इमारतीचे रूपांतर करून उभारलेले एल तिंताल ग्रंथालय पाहिले, त्याच्या बाहेरचा पदपथ पावलांनी मोजला आणि तो आकडा सरांना पत्राने कळवला. सरांचे उत्तर दोन ओळींचे होते : रुंदी समजली, पण तिथून काठी घेतलेला एखादा अंध माणूस एकटा चालताना दिसला का, ते कळव.

मी ते पाहिलेच नव्हते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याच पदपथावर तासभर बसून राहिले आणि पांढरी काठी टेकत, कोणाचाही हात न धरता जाणारी एक मध्यमवयीन बाई मला दिसली. तोवर सरांना जाऊन चार महिने झाले होते.