चित्रकला येत नाही, तरी नाताळचं कार्ड जमेल का?

नोव्हेंबर सरत आला की वसईत घरोघरी ताऱ्यांची तयारी सुरू होते आणि मला एकच प्रश्न येतो. "तुम्ही कार्डं घरी करता, ताराही घरी बांधता. आम्हाला चित्रकलेचा गंध नाही, आम्हाला जमेल का?" दर वेळी तोंडी सांगण्यात चहा निवून जातो, म्हणून तुम्ही विचारलंत तर एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

चित्र मलाही येत नाही. येशूजन्माच्या गोठ्यातलं गाढव काढायला जावं तर बोकड उमटतो. पण हे काम चित्रकाराचं नाहीच, शिंप्याचं आहे. माप घ्यायचं, बेतायचं, कापायचं. माप चुकलं की वर कितीही चमकी शिंपडा, कार्ड वेडंवाकडंच दिसतं. चमकीवर माझा तसाही राग आहे. ती फेब्रुवारीपर्यंत भातात सापडते.

ताऱ्याचंच बघा. बांबूच्या दहा सारख्या कामट्या घ्यायच्या, समजा ६० सेंटिमीटरच्या. पाच कामट्यांचा एक सपाट तारा, असे दोन. पाच कामट्या एकमेकींवर नेमक्या कुठे टेकवायच्या, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मग अंदाजाने बांधतात आणि एक पाय लांब, एक आखूड होतो. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा. कामटी लहानमोठी असली तर लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. टोकाला टोक बांधायचं आणि खुणेवर खूण ठेवायची. कोनमापक लागतच नाही. दोन्ही तारे तयार झाले की समोरासमोर धरून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची. मग पुढच्या आणि मागच्या ताऱ्याच्या समोरासमोर येणाऱ्या आतल्या पाच सांध्यांमध्ये १५ सेंटिमीटरच्या आखूड काड्या आडव्या बसवायच्या. त्या बसल्या की सपाट तारा पोट फुगवून उभा राहतो. हा क्षण मुलांना दाखवण्यासारखा असतो, तेवढ्यासाठी त्यांना हाक मारा. एरवी कामट्यांपासून लांबच ठेवा, कुसळ बोटात शिरतं.

वर पतंगाचा कागद. पुढचा आणि मागचा तारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण बाजूचे दहा अरुंद त्रिकोण कागदाच्या हिशेबात कुणी धरत नाही आणि ऐनवेळी लाल कागद संपतो. त्यातला एक त्रिकोण दिव्यासाठी उघडा ठेवायचा. पूर्वीचा पिवळा बल्ब तापायचा, कागदाला टेकेल की काय याची धास्ती असायची. एलईडीने ती बरीच कमी केली. दवाचं मात्र काही करता येत नाही. डिसेंबरच्या पहाटे कागद ओलसर होऊन सैल पडतो, ऊन वर आलं की पुन्हा ताणला जातो. तो मुळातच करकचून ताणलेला असेल तर सुकताना फाटतो. मैद्याच्या खळीने चिकटवताना जराशी ढील द्या.

आता कार्ड. आधी कार्ड करून मग पाकीट शोधत हिंडू नका. आधी पाकीट आणा. ए-फोर कागद मधोमध कापून अर्धा भाग दुमडला की साधारण १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं कार्ड होतं आणि ते ११.४ बाय १६.२ च्या पाकिटात छान बसतं. कागद २५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा पुरे. त्याहून महत्त्वाची त्याची शीर, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, घडी तिकडेच घालायची. उलट्या बाजूने घातली की घडीवर कागद तडकतो, आणि गडद रंगाचा असेल तर आतले पांढरे तंतू बाहेर डोकावतात. घडीआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने एक दाबरेघ ओढायची. इतकं केलंत तरी दुकानदार विचारेल, "कुठून आणलंत?"

उघडल्यावर आत काहीतरी उभं राहायला हवं असेल, तर दुमडलेल्या घडीवर दोन समांतर चिरा द्या आणि मधली पट्टी आत ढकला. चीर पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी हवी, नाहीतर कार्ड मिटल्यावर पट्टी बाहेर लोंबते. पट्टीवर ताऱ्याऐवजी केळीचं पान चिकटवा, विड्याच्या पानांचा वेल चिकटवा. आमच्या वाडीत बर्फ कोणी पाहिलाय?

तरीही बर्फाची नक्षी कापायचीच असेल, तर सहा पाकळ्यांची कापा. कागद तीनदा निम्मा-निम्मा दुमडला की आठ पाकळ्या निघतात, आणि बाजारातल्या कितीतरी नक्ष्या तशाच असतात. बर्फाच्या स्फटिकाची ठेवण षट्कोनी, त्यामुळे त्याला आठ पाकळ्या फुटत नाहीत. एकदा निम्मा दुमडा, मग त्या अर्ध्याचे साठ-साठ अंशांचे तीन भाग एकमेकांवर घ्या.

काही जण म्हणतात, हाताने केलेलं कार्ड म्हणजेच खरी परंपरा. तसं काही नाही हो. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना सणाची पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन कार्डं छापून घेतली. विक्रीची किंमत एक शिलिंग. त्यावर गोठाही नव्हता, ताराही नव्हता. मधे वाइनचे पेले उंचावणारं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसं. लहान पोरीच्या ओठांना पेला लावलेला पाहून दारूबंदीवाले खवळले होते. तेव्हा कार्ड जन्मलं तेच पत्रं लिहायचे कष्ट वाचवायला. विकत आणलंत म्हणून ओशाळायचं कारण नाही; पण आत दोन ओळी मात्र स्वतःच्या अक्षरात लिहा, नुसती सही ठोकू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, तारा पुढच्या वर्षी चालतो का? सांगाडा चालतो. कागद फाडून टाका, कामट्या ओल्या फडक्याने पुसा, कडकडीत वाळवा आणि माळ्यावर टांगून ठेवा, जमिनीवर नको. मैद्याच्या खळीवर झुरळं आणि उंदीर टपलेलेच असतात. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते त्यासाठीच, पण ते विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका, खळ नीट खरवडून काढलीत तरी भागतं.